ग्योंगजूचा एक दिवस: खासगी गाइड घेऊन सिल्लाची जुनी राजधानी कशी पाहावी

दक्षिण कोरियातल्या ग्योंगजूच्या मध्यवस्तीत घरांच्या आणि दुकानांच्या मागे हिरवी, गोल, गुळगुळीत टेकाडं दिसायला लागतात. काही दुमजली घराएवढी, तर काही सहा-सात मजली इमारतीएवढी उंच. शाळेतली मुलं त्यांच्या कडेकडेने सायकली हाकत घरी जातात. ही सगळी थडगी आहेत: सिल्ला राज्याच्या राजांची, राण्यांची, सरदारांची. परंपरेनुसार इसवी सनपूर्व 57 मध्ये सिल्ला उभं राहिलं आणि इसवी सन 935 मध्ये मावळलं. जवळजवळ एक हजार वर्षं, आणि एवढ्या काळात राजधानी एकच.

मी उल्सानला कामासाठी राहत होतो. तिथून ग्योंगजू तासाभराच्या आत, त्यामुळे घरून कोणी आलं की मी त्यांना इकडे आणत असे. पुण्या-रायगडातल्या कोरियन कारखान्यांमधली आपली मंडळी ट्रेनिंगला उल्सान, पोहांगला येतात, त्यांनाही हा एक दिवस सहज जमण्यासारखा आहे. पहिल्या खेपेला आईबाबांना घेऊन मी एका एजन्सीची नऊ ठिकाणांची टूर केली. प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं, मग पळत गाडीकडे. रात्री बाबांना विचारलं, काय आवडलं? ते म्हणाले, "गवत छान राखलंय." तेव्हा मला वाईट वाटलं, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

ग्योंगजूमध्ये जे उरलंय त्यातलं बरंचसं जमिनीलगत आहे किंवा जमिनीखाली. रायगडावर बाजारपेठेची जोती बघताना सोबत सांगणारा नसेल तर नुसत्या दगडांच्या रांगा दिसतात. इथे तसंच होतं. म्हणून या शहरात गाइडवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही, आणि ठिकाणं कमी केली तर तो दुपटीने वसूल होतो. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी ठरवा: गाइड हवा की नुसती गाडी

"प्रायव्हेट टूर" या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात इंग्रजी जेमतेम बोलणारा ड्रायव्हर गाडी घेऊन येतो, तुम्हाला दारात सोडतो आणि पार्किंगमध्ये थांबतो. दुसऱ्यात परवानाधारक गाइड तुमच्यासोबत आत येतो. किमतीत फरक असतो, पण जाहिरातीत तो चटकन कळत नाही. कोरियात परदेशी पर्यटकांसाठी काम करणाऱ्या गाइडला सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि तो गळ्यात अडकवलेला असतो. बुकिंगच्या वेळीच विचारा: गाइड परवानाधारक आहे का, तो आत येऊन समजावून सांगणार का, आणि गाडी तोच चालवणार की ड्रायव्हर वेगळा. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांची नंबरप्लेट तिथेही आपल्यासारखीच पिवळी असते, तेवढंही बघून ठेवा.

तुम्ही एकटे असाल आणि बजेट आवळलेलं असेल तर खासगी टूरचा हट्ट नको. या टूरचा दर बहुतेक वेळा माणशी नसून गाडीमागे असतो, त्यामुळे चार-पाच जणांत तो परवडतो आणि एकट्याला जड जातो. एकट्याने सिटी बस, टॅक्सी आणि चालणं यावर दिवस काढावा. मुख्य स्थळांवर शहराने नेमलेले निवेदक विनामूल्य माहिती देतात, इंग्रजी निवेदकासाठी मात्र आधी कळवून ठेवावं लागतं. कोरियाच्या पर्यटन संस्थेची 1330 ही हेल्पलाइन आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं. म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा सामान सोबत असेल, तर खासगी गाडीला पर्याय नाही.

कुठून निघायचं

बहुतेक लोक बुसानहून येतात. गाडीने साधारण तास-सव्वा तास लागतो. सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आसपास, पण ग्योंगजूचं हे स्टेशन शहरापासून दहाएक किलोमीटर लांब आहे. शहराच्या मध्यावरचं जुनं स्टेशन 2021 मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत "स्टेशनवरून चालत जा" असं वाचलंत तर ते सोडून द्या. गाइडला केटीएक्स स्टेशनवरच बोलवावं.

यात एक सोय आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात. बुसान बघून सोलला जायचं असेल (किंवा उलट), तर ग्योंगजू मधल्या दिवशी घ्या. सकाळी बुसानच्या हॉटेलवरून सामानासकट निघायचं, बॅगा दिवसभर डिकीत ठेवायच्या आणि रात्री गाइडने केटीएक्स स्टेशनवर सोडायचं. परतीचा बुसानचा फेरा वाचतो. फक्त बुकिंगच्या वेळी माणसं किती आणि मोठ्या बॅगा किती हे स्पष्ट सांगा. पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा साध्या कारमध्ये बसत नाहीत, कार्निव्हलसारखी मोठी गाडी मागावी लागते.

भारतीय पासपोर्टवर कोरियाचा व्हिसा आधी काढावा लागतो, हे वेगळं सांगायला नको. मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे.

बुकिंगचा पहिला मेसेज

एजन्सीला "ग्योंगजू टूरची किंमत काय?" एवढंच विचारलंत तर छापील कार्यक्रम येईल, नऊ ठिकाणांचा. त्याऐवजी पहिल्याच मेसेजमध्ये आपली परिस्थिती लिहा. मी जे इंग्रजीतून पाठवत असे ते मराठीत असं होतं:

"आम्ही पाच जण आहोत. त्यात आई 71 वर्षांची, तिला सपाट रस्त्यावर चालता येतं, पण जास्त पायऱ्या नकोत. दोघं शाकाहारी, मासे आणि अंडंही नाही. आम्हाला पाच-सहाच ठिकाणं बघायची आहेत, पण निवांत. दिवसाचा शेवट वोलजी तळ्यावर अंधार पडल्यावर व्हायला हवा, त्यासाठी सकाळी उशिरा निघायला आमची हरकत नाही. किमतीत टोल, पार्किंग, प्रवेश तिकिटं, गाइडचं जेवण हे धरलंय का? वेळ वाढला तर तासाला किती? पाऊस पडला तर काय?"

यातलं शेवटून तिसरं वाक्य सोडून बाकी सगळं बदललं तरी चालेल. पैशांचे वाद होतात ते त्यातल्याच गोष्टींवरून. खरेदीच्या दुकानात नेणार नाही, हेही लेखी घ्या. संभाषण चालू ठेवायला व्हॉट्सअॅप चालतं का ते विचारा. कोरियात सगळे काकाओटॉक वापरतात, ते फोनमध्ये घालून ठेवलंत तर गाइडशी गाठ पडणं सोपं जातं.

तारीख ठरवताना सोललाल आणि छुसोक या दोन मोठ्या सणांचे दिवस टाळा, अख्खा देश रस्त्यावर असतो. मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर आणि ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला रंगलेली पानं, हे दोन सुंदर काळ, आणि दोन्ही वेळा गर्दी. जमलं तर आठवड्यातला मधला वार घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि पाऊस. हिवाळ्यात थंडी कोरडी, पण आकाश स्वच्छ असतं, आणि गवत पिवळं पडलेली थडगी मला स्वतःला हिरव्याहून आवडतात.

वेळेचं गणित सूर्यास्तावरून मांडा

खासगी टूर साधारण आठ ते दहा तासांची असते. वोलजी तळं बघावं ते दिवे लागल्यावर. डिसेंबरात इथे सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो, जूनअखेर पावणेआठच्या सुमाराला. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी आठला निघालात, तर दिवे लागायच्या आधीच गाइडचे तास संपलेले असतात. त्या दिवसांत दहा-अकराला निघा. हिवाळ्यात आठला निघणं बरोबर.

क्रम असा ठेवा: सकाळी शहराबाहेरचा तोहाम डोंगर, म्हणजे सोकगुराम हे लेणं आणि बुल्गुक्सा हे बौद्ध मंदिर, मग जेवण, दुपारी संग्रहालय आणि थडगी, संध्याकाळी वोलजी. डोंगरावर आधी सोकगुरामला जा, मग खाली बुल्गुक्साला. छापील कार्यक्रमात बहुतेकदा उलटं असतं, त्यामुळे वर तुम्हाला शांतता मिळते.

सोकगुराम: बांधलेलं लेणं

तोहामसान हा 745 मीटरचा डोंगर. गाडी वरच्या पार्किंगपर्यंत जाते, तिथून झाडीतल्या मातीच्या सपाट वाटेने दहा-पंधरा मिनिटं चालायचं. शेवटी थोड्या पायऱ्या आहेत, त्या आईने दोनदा थांबून चढल्या.

आपण अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे बघत वाढलेली माणसं. लेणं म्हणजे कातळ आत कोरत जायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं. इथे ते सगळं उलटं आहे. कोरियाचा ग्रॅनाइट तसं कोरू देत नाही, म्हणून आठव्या शतकातल्या कारागिरांनी दगड सुटे घडवले, डोंगरावर रचून गोल गाभारा आणि त्यावर घुमट उभा केला आणि वरून माती टाकून त्याचं लेणं केलं. लेण्याची कल्पना भारतातून मध्य आशिया आणि चीनमार्गे इथवर आली, आणि इथल्या दगडाने तिचं रूप पालटलं. गाइडला एकच प्रश्न विचारायचा झाला तर घुमटाचे दगड खाली का पडत नाहीत, हा विचारा. घुमटातून मधेमधे बाहेर डोकावणारे दगडाचे खुंट आहेत. त्यांच्या शेपट्या मागे मातीच्या भारात दाबलेल्या आहेत आणि ते घुमटाला धरून ठेवतात.

मध्यभागी साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचे बुद्ध बसलेले आहेत, पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावरून खाली सोडलेली: भूमिस्पर्श मुद्रा. आमच्या गाइडबाई ती कोरियन नावाने सांगायला लागल्या, तेवढ्यात आई "भूमिस्पर्श" म्हणाली, आणि त्या दोघींची पुढची दहा मिनिटं कशी गेली ते मला कळलंच नाही. भोवतीच्या भिंतीवर बुद्धांचे दहा शिष्य आहेत, शारिपुत्र, महाकाश्यप ही आपल्या ओळखीची माणसं. ब्रह्मा आणि इंद्रही आहेत. मूर्तीच्या बरोबर मागे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, तो समोरून दिसत नाही.

आता मन तयार ठेवावं अशी गोष्ट. गाभाऱ्यात जाता येत नाही. काचेच्या भिंतीमागून बघावं लागतं आणि फोटोला मनाई आहे. जपानी राजवटीत 1913 पासून झालेल्या दुरुस्तीत मागे काँक्रीट ओतलं गेलं, त्यानंतर आत ओल धरायला लागली. 1960 च्या दशकात पुन्हा काम करून आतली हवा यंत्रांनी सांभाळायला सुरुवात झाली. काचेपाशी लोक दोन मिनिटांत बाजूला होतात. तुम्ही मागे भिंतीशी उभे राहा आणि एक गर्दी जाऊ द्या. दोन घोळक्यांच्या मधे अर्धा-एक मिनिट रिकामं मिळतं.

बुल्गुक्सा

इरयोन नावाच्या भिक्षूने तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या कथेनुसार, 751 मध्ये मंत्री किम दे-सोंग याने बुल्गुक्सा या जन्मीच्या आईवडिलांसाठी आणि सोकगुराम मागच्या जन्मीच्या आईवडिलांसाठी बांधायला घेतलं. दोन्ही ठिकाणं 1995 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. 2023 च्या मे महिन्यापासून दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य झाला आहे, पार्किंगचे पैसे पडतात. जुन्या कार्यक्रमपत्रिकेत अजून इथली तिकिटं लावलेली दिसली तर एजन्सीला विचारा.

इथे लोक थेट पायऱ्यांसमोर फोटो काढायला जातात. त्याआधी गाइडला दगडी पायथ्यापाशी थांबवा. खालचा थर नदीतल्या धोंड्यांसारख्या ओबडधोबड दगडांचा आहे आणि वरचा थर घडीव. आता वरच्या घडीव दगडाची खालची कड बघा: ती सरळ नाही. खालच्या धोंड्याला जिथे उंचवटा, तिथे वरच्या दगडात तेवढाच खळगा. नैसर्गिक दगडाला हात न लावता त्याच्या आकाराप्रमाणे वरचा दगड तासून बसवलाय. सांध्यात नख जात नाही. 1593 मध्ये जपानी स्वारीत लाकडी मंदिरं जळली, आज दिसतात ती नंतरची, बरीचशी 1969 ते 1973 च्या जीर्णोद्धारातली. हा पायथा मात्र सिल्लाचाच.

समोरच्या पायऱ्या तेहतीस धरतात, तेहतीस देवांच्या स्वर्गासाठी. आपल्याकडचा त्रयस्त्रिंश लोक तो हाच. त्यांच्यावरून चढायला परवानगी नाही, बाजूच्या वाटेने वर जायचं.

अंगणात दोन दगडी स्तूप समोरासमोर. डावीकडचा सोक्काताप साधा, तीन मजली. उजवीकडचा दाबोताप नक्षीदार, लाकूडकाम दगडात केल्यासारखा. दहा वॉनच्या नाण्यावर आहे तो हाच. नाणं खिशात असेल तर हातात धरून मुलांना जुळवायला लावा. त्याच्या चौथऱ्यावर पूर्वी चार सिंह होते, एक उरला आहे. साध्या दिसणाऱ्या सोक्कातापची गोष्ट मोठी आहे. 1966 मध्ये चोरांनी त्याला धक्का लावला, म्हणून दुरुस्तीसाठी तो उतरवला गेला, आणि आतून लाकडी ठशांनी छापलेली धारणीची, म्हणजे बौद्ध मंत्रांची, गुंडाळी निघाली. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांमध्ये तिची गणना होते.

मंदिरात शिरताना मधलं दार भिक्षूंसाठी असतं, आपण बाजूच्या दाराने जायचं. चपला बाहेर, आत फोटो नाही.

जेवणाचा प्रश्न

ग्योंगजूची ओळख म्हणजे स्साम्बाप: भाताबरोबर तऱ्हेतऱ्हेची पानं आणि वीस-एक वाट्यांतली तोंडीलावणी. पानात भात आणि भाजी ठेवून पुरचुंडी करून तोंडात टाकायची. दिसायला हे शाकाहाऱ्याचं स्वप्न वाटतं, पण किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीत, बहुधा माशांचा रस असतो आणि सोयाबीनच्या आमटीचं पाणी सुक्या मासळीचं असतं. कोरियन माणसाला "शाकाहारी" म्हटलं तर तो मांसाचे तुकडे काढून देतो आणि मनापासून आपण व्यवस्थित केलं असं समजतो. म्हणून मासे, अंडं, मासळीचं पाणी हे एकेक करून गाइडला आदल्या दिवशीच लिहून पाठवा आणि त्याला हॉटेलात फोन करायला सांगा. ऐन वेळी उपयोगी पडणारी दोन वाक्यं: "गोगी आन मोगोयो", मी मांस खात नाही, "ग्येरान पेगो जुसेयो", अंडं वगळून द्या. बुल्गुक्साच्या आसपास रानभाज्यांचा बिबिंबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मिळतो, अंडं वगळून तो सगळ्यांत सोपा. तिखट लाल चटणी वेगळी मागून घ्या.

कडक शाकाहारी किंवा जैन मंडळींनी दशम्या, चटणी, लाडू सोबत ठेवावेत. स्साम्बाप पुष्कळदा किमान दोघांसाठीच देतात, आणि बरीच हॉटेलं दुपारी तीन ते पाच बंद असतात, त्यामुळे दोनच्या आत बसा. गोडाला ह्वांगनाम-प्पांग, लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण भरलेला छोटा पाव, 1939 पासून इथे होतो. आपल्याला पुरणाची आठवण येतेच. दहा वॉनच्या नाण्यासारखा दिसणारा चीज भरलेला पाव मुलांना आवडतो.

दुपार: आधी संग्रहालय, मग थडगी

हा क्रम उलटू नका. थडग्यातून काय निघालं ते आधी पाहिलं, की टेकाड नुसतं टेकाड राहत नाही.

ग्योंगजूच्या राष्ट्रीय संग्रहालयाला प्रवेश विनामूल्य आहे. सगळं बघायला दिवस पुरणार नाही, तीन गोष्टी निवडा. पहिली सोन्याचे मुकुट: झाडाच्या फांद्यांसारखे आणि हरणाच्या शिंगांसारखे उभे पत्रे, त्यांना लोंबणारे जेडचे वाकडे मणी. पहिला मुकुट 1921 मध्ये घराचं बांधकाम चालू असताना अवचित सापडला. सिल्लाचे सहा सोन्याचे मुकुट ज्ञात आहेत; 2025 मध्ये इथे एपेक परिषद भरली त्या निमित्ताने ते सगळे प्रथमच एकत्र मांडले गेले. एरवी ते वेगवेगळ्या संग्रहालयांत असतात, तेव्हा या घडीला इथे कोणते आहेत ते गाइडला विचारा. दुसरी, छपराच्या कौलाचा तळहाताएवढा गोल तुकडा, त्यावर हसरा चेहरा. खालचा कोपरा तुटलाय, हसू शाबूत आहे. तो जपानमध्ये गेला होता, 1972 मध्ये परत आला.

तिसरी बाहेर अंगणात: राजा सोंगदोकची घंटा, 771 मध्ये ओतलेली, 18.9 टन वजनाची. ती आता वाजवत नाहीत, तिच्या नादाचं ध्वनिमुद्रण ठरावीक वेळाने लावतात. नाद मंद होत जातो आणि मग पुन्हा फुगतो, जणू घंटा श्वास घेतेय. तिच्या जाडीतल्या बारीक फरकांमुळे जवळजवळच्या दोन लहरी एकमेकींत मिसळतात म्हणून असं होतं. लोक मात्र घंटेच्या ओतीव धातूत एका लहान मुलीचा बळी दिला गेला आणि ती आईला हाक मारते, अशी कथा सांगतात. ध्वनिमुद्रण पुरतं संपेपर्यंत तिथून हलू नका.

मग देरुंगवोन, थडग्यांची बाग. ह्वांगनामदेचोंग हे जोडथडगं 120 मीटर लांब आहे. त्याच्या शेजारचं चोन्माचोंग एवढंच आतून बघता येतं, त्याला तिकीट आहे. लाकडी कोठी, तिच्यावर गोट्यांचा ढीग, वर मातीचा थर, अशी रचना आत उलगडून दाखवली आहे. लाकूड कुजलं की गोटे आत ढासळतात, त्यामुळे चोराला भुयार खणून आत शिरता येत नाही; सोनं टिकलं ते या गोट्यांमुळे. 1973 मध्ये मोठं थडगं खणण्याआधी सराव म्हणून हे लहान थडगं खणायला घेतलं, आणि सरावातच मुकुट आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला उडता घोडा हाती लागला. चोन्माचोंग म्हणजे स्वर्गीय अश्वाचं थडगं. थडग्यांच्या गवतावर चढायला सक्त मनाई आहे. मुलांना आधीच सांगा, कारण उतार बघून घसरगुंडीचा मोह होतो.

चोमसोंगदे ही वेधशाळा तिथून चालत दहा मिनिटांवर. राणी सोनदोकच्या काळातली (632 ते 647), नऊ मीटरच्या आसपास उंच, बाटलीच्या आकाराची. 2016 च्या 5.8 रिश्टरच्या भूकंपात ती किंचित आणखी कलली, पण पडली नाही. फोटो काढा आणि पुढे निघा, इथे जास्त वेळ लागत नाही.

जे कार्यक्रमात नसतं ते मागून घ्या

ह्वांगनिदान-गिल या कॅफेंच्या गल्लीसाठी ठेवलेला तास मी ह्वांगन्योंगसा या जुन्या मंदिराच्या जागेला देतो. तिथे जायचं म्हणजे मोकळ्या माळावर जायचं. मंदिराचं काम 553 मध्ये सुरू झालं. 645 मध्ये नऊ मजली लाकडी स्तूप पुरा झाला, सुमारे ऐंशी मीटर उंच. 1238 मध्ये मंगोलांनी तो जाळला. आता गवतात खांबांचे पायथ्याचे दगड आहेत, आठ रांगा, प्रत्येक रांगेत आठ. मुलांना एका दगडावरून दुसऱ्या दगडापर्यंत पावलं मोजायला सांगा, इमारत केवढी असेल ते आपोआप कळतं. शेजारच्या संग्रहालयात त्या स्तूपाची एक दशांश मापाची प्रतिकृती आहे, ती आधी बघा.

स्तूपाच्या मागे मुख्य मंदिराच्या जागी तीन प्रचंड दगडी बैठका दिसतात, त्यांवर मूर्तीचे पाय रोवायची भोकं आहेत. इरयोनच्या ग्रंथात त्यांची कथा आहे: भारतात सम्राट अशोकाने बुद्धमूर्ती ओतायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून लोखंड आणि सोनं जहाजात भरून समुद्रावर सोडलं आणि जिथे जमेल तिथे मूर्ती होवो अशी इच्छा केली. ते जहाज सिल्लाच्या किनाऱ्याला लागलं आणि 574 मध्ये इथे मूर्ती उभी राहिली. अशोक आणि ही मूर्ती यांच्यात आठशे वर्षांचं अंतर आहे, ही आख्यायिकाच. पण एवढ्या दूरच्या राज्याला आपल्या सर्वांत मोठ्या मूर्तीचा धातू अशोकाकडून आलाय असं सांगावंसं वाटलं, याने मला त्या दगडांपाशी गलबलून येतं. आणि माणसंही खरोखर गेली होती: सिल्लाचा भिक्षू ह्येचो आठव्या शतकात भारतात येऊन, दक्षिणेपर्यंत फिरून गेला. त्याच्या प्रवासवर्णनाचं हस्तलिखित 1908 मध्ये चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेत सापडलं.

किरकोळ, पण अडणाऱ्या गोष्टी

गूगल मॅप्स कोरियात चालण्याचा रस्ता नीट दाखवत नाही, नेव्हर मॅप घाला. भाषांतराला पापागो. टिप द्यायची पद्धत नाही; गाइडला घरची चिक्की किंवा चिवड्याचं पाकीट दिलंत तर त्याला जास्त आनंद होतो. नावाने हाक न मारता "गाइद-निम" म्हणा, ते आदराचं आहे. बूट काढायला-घालायला सोपे हवेत.

वोलजीवर अंधार पडताना

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तिकीट काढून आत शिरा, दिवे लागल्यावर रांग मोठी होते. रात्री दहापर्यंत उघडं असतं. 674 मध्ये राजा मुनमूने युवराजाच्या महालाशेजारी हे तळं खोदवलं. काठ असे वळवले आहेत की कुठेही उभं राहिलं तरी अख्खं तळं एका नजरेत येत नाही. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुरी फेरी मारा. 1975 मध्ये तळं उपसलं तेव्हा गाळातून तीसेक हजार वस्तू निघाल्या. त्यात चौदा बाजूंचा एक लाकडी फासा होता आणि प्रत्येक बाजूवर मद्याच्या मैफलीतली शिक्षा कोरलेली: तीन पेले एका दमात संपव, संगीताशिवाय नाच. मूळ फासा वाळवताना जळून गेला, आता प्रतिकृती आहेत.

याच महालात 931 मध्ये सिल्लाच्या शेवटच्या राजाने गोर्यो या दुसऱ्या कोरियन राज्याचा राजा वांग गोन याला मेजवानी दिली. चार वर्षांनी त्याच्याच हाती राज्य सोपवलं. आमच्या गाइडबाईंनी ही गोष्ट पलीकडच्या काठावर, तीन मंडप पाण्यात उलटे दिसतात तिथे थांबून सांगितली. बाबा दुसऱ्या खेपेला सोबत होते. ते बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले, मग त्यांनी बाईंना विचारलं, त्या राजाचं पुढे काय झालं? बाई सांगत सांगत गाडीपर्यंत आल्या.

इथून केटीएक्स स्टेशनला गाडीने वीस-पंचवीस मिनिटं धरा, चेरीच्या दिवसांत दुप्पट. सोलची रात्रीची गाडी असेल तर तिच्या सव्वा तास आधी तळ्यावरून निघा, आणि डिकीतल्या बॅगा मोजून घ्या.